मनगटाचा इलाज

शेषेरावांच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुतण्यासाठी पोरगी बघायला गेले, तर चहा पुढे येण्याआधीच यांनी पाहुण्यांना सांगून टाकलं की पोराला आधी एका घरानं नकार दिलाय. बैल विकायला नेला, तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आत बैलाची खोड सांगून मोकळे. साखराबाई म्हणायच्या, "ह्यायच्या तोंडाला दार हाय, पन कडी न्हाई." अशा माणसावर म्हातारपणी एक गोष्ट लपवायची पाळी यावी, आणि तीही बायकोपासून, याला थट्टाच म्हणायची. पण थट्टा करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गोष्ट अशी होती की साखराबाईंच्या काळजाची एक मोठी शीर बंद पडत आली होती. नांदेडच्या दवाखान्यात ती उघडून आत जाळी बसवली होती. हे जवळजवळ सगळ्या गल्लीला माहीत होतं. साखराबाईंना मात्र माहीत नव्हतं.

गणपतीच्या दिवसांत त्यांचा डावा हात भरून यायला लागला. मग जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हणून त्यांनी लवंग धरली आणि तशाच शेतात निंदायला गेल्या. दुपारी बांधावर बसल्या त्या घामानं भिजलेल्या, तोंड पांढरंफटक. शेषेरावांनी त्यांना हदगावला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीला तारा लावून पट्टी काढली, ती बघितली आणि शेषेरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, इथं थांबू नका. सरळ नांदेड गाठा."

लेक वैजनाथ लातूरला असतो. कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणारी पोरं त्याच्याकडं येतात. फोन झाल्याबरोबर तो आणि त्याची बायको तनुजा निघाले. ते पोचले तोवर नांदेडच्या डॉक्टर सौदामिनी यांनी सगळं तपासून ठेवलं होतं. या डॉक्टरबाई वयानं लहान, बोलणं सावकाश. त्यांनी बापलेकांना समोर बसवून सांगितलं, "मुख्य शीर जवळजवळ बंद आहे. आजच उघडावी लागेल. घाबरू नका, छातीला चीर द्यायची नाही. उजव्या मनगटातून बारीक नळी आत नेतो, फुग्यानं जागा मोकळी करतो आणि जाळी बसवतो. दोन-तीन दिवसांत घरी."

वैजनाथनं त्यातला एकच शब्द उचलला. मनगट.

कारण होतं साखराबाईंचा थोरला भाऊ, अमृतराव. तीन वर्षांमागं खळ्यावर उभ्या उभ्या कोसळला तो उठलाच नाही. काळजाचा रोग होता. तेव्हापासून कुणी त्या रोगाचं नाव काढलं की साखराबाई बसल्या जागेवरून उठून आत जायच्या. टीव्हीवर जाहिरात लागली तरी बंद करायला लावायच्या. वैजनाथ म्हणाला, "मायला कळलं ना की काळजाचं हाय, तर इलाजाच्या आधीच खचून जाईल ती." तनुजाचं मत वेगळं होतं. "आत्यांना सांगू या," ती सासूबद्दल म्हणाली. पण सुनेचं कोण ऐकतं अशा वेळी? आणि शेषेराव काय म्हणाले? शेषेराव काहीच म्हणाले नाहीत. कुणीतरी आपल्याऐवजी ठरवतंय याचं त्यांना बरंच वाटलं.

डॉक्टरबाईंनी साखराबाईंना विचारलं होतं, नाही असं नाही. "आजी, रक्ताच्या शिरेत अडथळा आहे. हातातून जाऊन उघडतो. चालेल ना?" साखराबाई म्हणाल्या, "उघडा बाई. हातानं लई बेजार केलंय." बोलण्यातलं काही खोटं नव्हतं. शीर कुठली, तेवढं राहून गेलं. बाहेर आल्यावर डॉक्टरबाई वैजनाथला म्हणाल्या, "त्यांना नीट कळलेलं दिसत नाही. घरी नेण्याआधी समजावून सांगा. गोळ्या त्यांना घ्यायच्या आहेत, तुम्हाला नाही." वैजनाथ म्हणाला, "सांगतो म्याडम." शिकवणाऱ्या माणसाचा शब्द, त्यांनी विश्वास ठेवला.

इलाज नीट झाला. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. करड्या पडद्यावर काळ्या फांद्या हलत होत्या. एक फांदी मध्येच संपत होती. मग नंतरचं चित्र लावलं, त्यात तीच फांदी टोकापर्यंत भरलेली. वैजनाथ मान डोलवत इंग्रजीत काहीबाही विचारत होता. शेषेरावांचं तिकडं लक्षच नव्हतं. काळीज म्हणजे काहीतरी मोठं असेल असं त्यांना वाटत आलं होतं. माणूस जन्मभर त्याच्या नावानं बोलत असतो. हे तर मुठीएवढं होतं. आणि नुसतं उडत होतं, उडत होतं, क्षणभर थांबायला तयार नाही.

"हे तिचं हाय?" त्यांनी विचारलं.

"हो, आजींचंच," डॉक्टरबाई हसल्या.

शेषेरावांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची इतकी आतली वस्तू आपण तिच्याआधी बघितली, तिला न विचारता. आणि रोज शेतातून आल्यावर हातपाय धुवायच्या आधी जिला दिवसभराचं सगळं सांगायचं, तिलाच हे सांगायचं नाही.

साखराबाई काही भोळ्या नव्हत्या. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलंच, "वैजू, दुखत व्हता डावा हात. टोचला उजवा. असं कामून रे?"

"शिरा समद्या एकमेकीला जोडलेल्या असतात, माय."

"आन मधी छातीत गरम गरम झालं ते?"

"औषध फिरतं ना अंगात."

"आन त्या भिंतीवर काळजाचं एवढं मोठं चितर कशाला लावलंय?"

"मोठा दवाखाना हाय. समद्याच गोष्टीचा इलाज करतेत."

मास्तर होता, उत्तर द्यायला अडखळत नव्हता. साखराबाईंनी मान हलवली. लेक एवढा शिकलेला, त्याला जास्त कळत असणार, असं त्यांनी मनाशी धरलं असेल.

गावात येण्याआधी वैजनाथनं फोनवर फोन लावून गल्लीला पढवलं. मायला काळजाचं सांगू नका, मनगटाचं म्हणा. गल्लीनं मान्य केलं. आपल्याकडं आजारी माणसाला आजार न सांगणं ही माया समजतात. फक्त एका घरी फोन गेला नाही. शेजारच्या सरजाबाईंच्या. सरजाबाई म्हणजे शेषेरावांच्या चुलतभावाची विधवा, लेक लग्न होऊन देगलूरकडं दिलेली, घरात एकटी. ती आणि साखराबाई एका ताटात जेवणाऱ्या. सरजाबाईंच्या कानावर गेलेली गोष्ट साखराबाईंच्या कानावर जायला भिंतीचाही अडसर नव्हता, म्हणून त्यांनाही मनगटच सांगितलं.

मग आठ-पंधरा दिवस बायका भेटायला येत राहिल्या. कुणी शेंगदाण्याचे लाडू आणले, कुणी डाळिंबं. साखराबाई उजवं मनगट पुढे करायच्या. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा काळपट डाग तेवढा उरला होता. "हे बगा, एवढंसं छिद्र. एवढ्यासाठी नांदेड." बायका तो डाग बघून हळहळायच्या, आणि घरी जाताना उंबऱ्याबाहेर डोळे पुसायच्या. साखराबाईंना वाटायचं, आपल्यावर लोकांचा किती जीव.

गोळ्यांचा जिम्मा शेषेरावांनी घेतला. सकाळी चहा झाला की पाकिटातून गोळ्या काढून ते स्वतः तिच्या हातावर ठेवायचे. यातल्या दोन रक्त पातळ ठेवायच्या, जाळीत गुठळी होऊ नये म्हणून. वर्षभर एक दिवस चुकवायचा नाही, डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. चुकवलं तर जाळी एकदम बंद पडू शकते, आणि तसं झालं तर नांदेडला पोचायलाही वेळ मिळेलच असं नाही. हे वाक्य शेषेरावांना पहाटे जाग आली की आधी आठवायचं. मग ते अंथरुणातल्या साखराबाईंच्या श्वासाकडं कान लावायचे.

पाण्याची घागर त्यांनी तिच्या हातून काढून घेतली, वैरणीचा भारा स्वतः आणायला लागले. साखराबाई हसायच्या, "मनगट दुखलं तवा एवढं कौतुक. कंबर मोडली असती तर पाळण्यात घातलं असतं का काय?" शेषेराव ओठ घट्ट मिटून बसायचे. सांगून टाकावं असं शंभरदा त्यांच्या तोंडाशी आलं. पण एकदा ती खळ्याकडून येताना भावाच्या आठवणीनं रडताना दिसली, आणि पुन्हा गिळलं.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, कसं वाटतंय?" साखराबाई म्हणाल्या, "झकास." पुढचं सगळं वैजनाथच बोलला.

दसरा झाला, कापूस वेचणीला आला. सरजाबाई रोजानं वेचायला जात होत्या. बोंडांतून कापूस ओढून ओढून त्यांची मनगटं सुजली, रात्री हात उशाखाली दाबून झोपायच्या. दिवाळी चार दिवसांवर असताना त्या विळीवर भोपळा चिरत होत्या आणि पातं तळहातात गेलं. जखम खोल नव्हती. हळद दाबली, फडकं बांधलं, फडकं भिजलं. दुसरं बांधलं, तेही भिजलं. शेषेरावांनी त्यांना अ‍ॅपे रिक्षात घातलं आणि हदगावला नेलं. "मी येते," साखराबाई म्हणत होत्या. "तू घरी थांब, हलू नको," शेषेराव ओरडलेच. साखराबाईंना कळेना, मनगटवाल्या बाईनं का हलू नये.

हदगावच्या डॉक्टरनं दोन टाके घातले. रक्त थांबायला बराच वेळ लागला. हात धरून बसलेले डॉक्टर म्हणाले, "मावशी, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या खाता का कसल्या?"

"न्हाई बा. कसली पातळ? मनगटाच्या खाते."

"मनगटाच्या?"

सरजाबाईंनी डाव्या हातानं कमरेची चंची सोडली, तंबाखूच्या पुडीखालून कागदाची घडी काढली. आत दोन गोळ्या होत्या. एक पिवळट, एक लहान पांढरी. शेषेराव दारात उभे होते. त्यांना डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. त्या गोळ्या रोज सकाळी त्यांच्याच बोटांनी काढलेल्या होत्या.

"कुणी दिल्या?" डॉक्टरनं विचारलं.

"साखरानं. तिचा हात बरा झाला ना. मनली, तू खा, तुला रातीची झोप न्हाई. मागल्या बाजारापासून खाऊन राहिले." मग शेषेरावांकडं बघून त्या ओशाळल्या. "भावजी, तिला बोलू नका. तिनं मायेनं दिल्या."

शेषेराव भिंतीला टेकले. मागल्या बाजारापासून. म्हणजे आठवडाभर साखरा रोज सकाळी त्यांच्या हातून गोळ्या घेत होती, मान मागं टाकून पाणी पीत होती, आणि गोळ्या पदराच्या गाठीत जात होत्या. आणि ते समोर बसून बघत होते, आजचं काम झालं म्हणून सुस्कारा टाकत होते.

त्यांनी बाहेर येऊन वैजनाथला फोन लावला. वैजनाथनं नांदेडला फोन केला आणि लगेच परत लावला. "बाबा, म्याडम मनल्या, घरी पोचल्या पोचल्या गोळ्या द्या. छातीत काय होत नसंल तर सकाळी लवकर घेऊन या. जरा बी दुखलं तर थांबू नका, लगेच निघा." मग आवाज खाली आणून, "आन मायला मना, हाताची शीर पुन्हा आखडायला लागली. मनून गोळ्या—"

"वैजू," शेषेराव म्हणाले, "तू पोरायला रोज फळ्यावर काळीज काढून शिकवतोस ना?"

"हाव."

"परक्याच्या लेकरायला समदं सांगतोस. आन ज्या बाईचं काळीज हाय तिला मनगट सांगून राहिला. आता बास. मी सांगणार हाय."

"बाबा, तिला काय झालं मंजी?"

"न सांगता काय झालं ते बघितलं म्या आता."

त्यांनी फोन ठेवला. लेकाला असं कधी बोलले नव्हते. पण दोष लेकाचा एकट्याचा नाही, हेही त्यांना कळत होतं.

दिवेलागणीला ते घरी आले. सरजाबाईंना त्यांच्या घरी खाटेवर निजवून आले होते. साखराबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. "थांबलं का रगत?"

"थांबलं. दोन टाके पडले."

"ही तव्यावरची झाली की येते बघून."

"साखरा, आधी ऐक." शेषेरावांनी कागदाची ती घडी काठवटीच्या कडेला ठेवली.

साखराबाईंनी बघितलं आणि पकडलेल्या पोरीसारख्या हसल्या. "दिल्या म्या तिला. रागावू नका. माझा हात चांगला हाय, तिचा सुजून राहिला. तिला कोन देतंय गोळ्या आणून?"

"त्या हाताच्या न्हाईत."

"मग कशाच्या?"

एरवी या माणसाला अडवावं लागायचं. आता शब्द येईना. तव्यावरची भाकरी करपायला लागली. "काळजाच्या," ते म्हणाले. "तुझ्या काळजाची शीर बंद पडली व्हती. हातातून नळी घालून तिथवर गेले, जाळी बसवली. मनगट नुसतं दार व्हतं. गोळ्या चुकल्या की जाळी बंद पडती. तू मागल्या बाजारापासून घेतल्या न्हाईस."

साखराबाईंनी करपलेली भाकरी तव्यावरून काढली, बाजूला ठेवली. जाळ पुढे ओढला. मग पिठाचे हात मांडीवर ठेवून नुसत्याच बसल्या. शेषेराव त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. आता छाती धरतील, आता कोसळतील, असं त्यांना वाटत होतं. काही झालं नाही.

"वैजूला ठाव व्हतं?"

"हाव."

"तनुजाला?"

"हाव. ती सांगा मनत व्हती."

"गल्लीत?"

शेषेराव गप्प.

"बोला की. एरवी थांबत न्हाई तोंड."

"समद्यायला ठाव हाय. सरजाबाई सोडून."

"आन मी." साखराबाईंनी उजव्या मनगटाकडं बघितलं. "मी सगळ्यायला हे मनगट दाखवीत बसले. त्या बायका काय मनल्या असतील मनात."

"तुला भ्या वाटंल मनून..."

"कशाचं भ्या?"

"अमृतराव गेल्यापासून तू त्या रोगाचं नाव काढू देत न्हाईस."

साखराबाईंचा आवाज चढला नाही. "दादाला बी ठाव नव्हतं. पित्त हाय मनून सांगितलं त्याला. भावजयीनं समद्यायला शपथा घातल्या, कुनी बोलू नका. तो सोडा पीत बसला. शेवटच्या राखीला मला इचारलं त्यानं, साखरे, हे कसलं पित्त गं, शेताच्या धुऱ्यावर चढता येईना? म्या गप बसले. खळ्यावर जाऊस्तोर पित्तच समजत व्हता तो." त्यांनी पदरानं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "रोगाचं भ्या न्हाई वो मला. त्याच्यासारखं आंधळं जायचं भ्या हाय. आन तुमी तेच केलं."

शेषेरावांना वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. चाळीस वर्षं ज्या बाईशी बोलत आलो, तिचं भय कशाचं हेच कधी विचारलं नाही. बोलायचं काम नेहमी आपण केलं.

"भ्या मला वाटलं, साखरा," ते म्हणाले. "तुझं नाव केलं. तू गेलीस तर माझं काय, हे भ्या व्हतं." आणि एवढा मोठा माणूस चुलीपुढं बसून रडायला लागला.

साखराबाईंनी त्यांना रडू दिलं. समजूत घातली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "तुमी बघितलं? काळीज?"

"हाव. टीव्हीवर दाखवलं डॉक्टरबाईनं."

"मला इचारलं?"

"न्हाई."

त्यांनी हात धुतले, पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "आना गोळ्या." शेषेरावांनी पाकिटातून नव्या काढून दिल्या. साखराबाईंनी एक एक करून गिळल्या, मग उठून उभ्या राहिल्या, नवऱ्यासमोर पदराची गाठ सोडली आणि पदर झटकून दाखवला. रागानंच. शेषेरावांना तो राग सुद्धा देवासारखा वाटला.

मग त्या सरजाबाईंकडं गेल्या. शेषेराव मागं मागं. खाटेवर बसून साखराबाईंनी सगळं सांगितलं, काळीज हा शब्द न अडखळता उच्चारून. "तुझ्या हाताला माझ्यामुळं टाके पडले, सरजे." सरजाबाई आधी ऐकत राहिल्या, मग पट्टी बांधलेला हात वर करून शेषेरावांवर कडाडल्या, "भावजी, तुमच्या तोंडात कधी तीळ भिजत न्हाई. आन हेच तेवढं भिजलं? माझ्या बाईचा जीव गेला असता मंजी? माझ्या हातून?" शेषेराव मान खाली घालून उभे होते. दोघी एकमेकींना धरून रडल्या, त्यात त्यांना जागा नव्हती.

सकाळच्या गाडीनं ते नांदेडला निघाले. साखराबाई खिडकीशी बसल्या. वाटभर नवऱ्याशी अवाक्षर नाही. शेषेरावांचं लक्ष त्यांच्या छातीकडं, हाताकडं, घाम आलाय का त्याच्याकडं. त्यांनी एकदा विचारलं, "दुखतंय का?" साखराबाई बाहेर बघत म्हणाल्या, "दुखलं तर सांगीन. म्या लपवत नसते."

वैजनाथ दवाखान्याच्या दारात उभा होता, लातूरहून पहाटेचाच निघालेला. वाकून पाया पडायला लागला तर साखराबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मास्तर." लेकाला त्यांनी जन्मात अहोजाहो केलं नव्हतं. वैजनाथचं तोंड एवढंसं झालं.

छातीच्या तारांची पट्टी काढली, मग छातीवर यंत्र फिरवून तपासलं. तेवढा वेळ शेषेराव बाहेरच्या बाकावर बसले होते, समोर भिंतीवरचं ते मोठं चित्र. वैजनाथ शेजारी. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरबाईंचा चेहरा बघूनच शेषेरावांना कळलं.

"जाळी उघडी आहे," त्या म्हणाल्या. "थोडक्यात निभावलं. पण आजी, गोळ्या का थांबवल्या?"

शेषेरावांनी तोंड उघडलं. वैजनाथही पुढं सरकला. साखराबाईंनी हात आडवा केला.

"थांबा. काळीज माझं हाय, म्या सांगते."

आणि सांगितलं. हात, दाढ, मनगट, सरजाबाई, भाऊ, सगळं. कुणाला दोष दिला नाही, कुणाला सोडलंही नाही. डॉक्टरबाई लिहायचं थांबून ऐकत राहिल्या. मग वैजनाथकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. "माझंही चुकलं आजी," त्या म्हणाल्या. "महिन्यानं आलात तेव्हा तुम्हालाच विचारायला हवं होतं."

"जाऊ द्या बाई. आता दाखवा."

"काय दाखवू?"

"ह्यायला दाखवलं ते. माझं काळीज."

डॉक्टरबाईंनी पडदा त्यांच्याकडं वळवला. त्याच काळ्या फांद्या, तेच उडणं. शेषेराव पुढं झाले. "हे बघ, ही फांदी मधीच—"

"गप बसा. बघू द्या मला."

शेषेराव पाऊलभर मागं सरले. पडद्याकडं नाही, ते साखराबाईंकडं बघत राहिले. त्यांचा डागाचा हात आपोआप छातीवर गेला होता आणि डोळे पडद्यावर होते. बराच वेळ त्यांनी पापणी हलवली नाही. मग हळूच म्हणाल्या, "दादाचं बी असंच उडत असंल."

डॉक्टरबाईंनी चित्र पुन्हा एकदा पहिल्यापासून लावलं.

बाहेर आल्यावर साखराबाईंनी नवऱ्यापुढं हात केला. शेषेरावांनी घाईघाईनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"ते ठिवा माझ्याजवळच. आता म्या घेत जाईन आपल्या हातानं. आन फोन द्या. सरजीला लावून द्या."

त्यांनी नंबर लावला, वाजायला लागल्यावर फोन तिच्या हातात दिला आणि दोन पावलं बाजूला जाऊन उभे राहिले. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता, म्हणून साखराबाई मोठ्यानं बोलत होत्या, येणारेजाणारे वळून बघत होते.

"सरजे, म्या बोलते. बघितलं गं. माझ्या डोळ्यानं बघितलं. मुठीएवढं हाय... हाव, एवढंसंच... न्हाई, बंद न्हाई पडलं. चालू हाय, सरजे. चालू हाय."